उजेड हवा, पाणी नको : एका गळक्या पारदर्शक छपराची उलटतपासणी

घर दुमजली. मागच्या भिंतीलगत ४.३ मीटर लांब आणि ३.२ मीटर खोल फरसबंद अंगण, त्यावर सहा वर्षांपूर्वी घातलेलं पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर. स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी आणि मागचं दार, दोन्ही या छपराखाली. तक्रार थोडक्यात अशी : गळतं, तापतं, पिवळं पडलंय. उपायही घरच्यांनी ठरवून ठेवला होता. सगळं उतरवायचं आणि रंगीत लोखंडी पत्रा टाकून मोकळं व्हायचं. मला बोलावलं ते पत्र्याचा सांगाडा किती जाडीचा लागेल एवढं विचारायला.

दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून सांध्यांत सिलिकॉन भरत असे. छपराच्या मधोमध त्या सिलिकॉनचे थरावर थर चढले होते. जुना थर काळा, त्यावर पांढरा, त्यावर पारदर्शक. आणि तरी पहिल्या मोठ्या पावसात बादली ठेवावी लागायचीच. यावरून घरच्यांनी काढलेला निष्कर्ष समजण्यासारखा होता : हे प्लास्टिकचं काम मुळातच टिकत नाही. माझं मत वेगळं होतं. सहा वर्षांत कोणत्याही शीटच्या अंगातून पाणी झिरपलेलं नव्हतं. पाणी येत होतं ते सांध्यांतून, आणि ते सांधे ज्या पद्धतीने केले होते त्या पद्धतीने लोखंडी पत्रा टाकला असता तरी त्यातलं बरंचसं पाणी आलंच असतं.

पण आधी उजेडाचं बघायला हवं होतं, कारण पत्रा एकदा चढला की तो प्रश्न कायमचा मिटतो, चुकीच्या बाजूने. एक ढगाळ दिवस बघून त्याच छपरावर जाड ताडपत्री पसरली आणि घरातल्या काकूंना दुपारी ओट्याजवळ उभं केलं. त्यांनी फळीवरची औषधाची बाटली उचलून लेबल वाचायचा प्रयत्न केला, बाटली खिडकीकडे धरली, आणि मग दिव्याचं बटण दाबलं.

“अरे, भर दुपारी दिवा?”

“पत्र्याखाली रोजच लागेल, काकू.”

“मला पाणी नको एवढंच म्हणायचंय. उजेडाशी माझं काय भांडण?”

ढगाळ दिवस मुद्दाम निवडला होता. पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखं उजळ असतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. प्रकाशमापनात अशा आकाशाचं जे प्रमाणित चित्र धरतात, त्यात डोक्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा तिप्पट उजळ असतो. पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर या संशोधकांनी १९४२ मध्ये हे सूत्र मांडलं आणि पुढे सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ते स्वीकारलं. म्हणजे पावसाळी दिवसात, जेव्हा उजेडाची आधीच चणचण असते, तेव्हा खिडकीसमोर अपारदर्शक छप्पर घातलं की आकाशाचा सगळ्यात उजळ तुकडाच झाकला जातो. उरतं ते समोरचं कुंपण आणि त्यावरची करडी पट्टी. काकांनी ताडपत्री उतरवायला सांगितली तेव्हाच पत्र्याचा विषय संपला होता.

गळती शोधणं

गळती शोधताना पाण्याचा पाइप नेहमी खालून वर न्यायचा. आधी वळचणीकडचा भाग भिजवायचा, थांबायचं, आत थेंब आला का बघायचं, मग पुढचा हातभर पट्टा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि दोष कुठला ते कळतच नाही. खाली एक जण खडू घेऊन उभा. जिथे थेंब पडेल तिथे फरशीवर खूण. हे काम कंटाळवाणं आहे, घाई करणाऱ्याचं नाही, पण याला पर्याय मला माहीत नाही.

वळचणीकडे काहीच आलं नाही. पाइप छपराच्या मधल्या आडव्या जोडापाशी पोचला आणि खाली एका ओळीत थेंब सुरू झाले. इथे रचनाच उलटी होती. दुपदरी पॉलिकार्बोनेट शीटच्या पोटात बारीक उभ्या भिंती असतात, त्यामुळे आत लांबच लांब नळ्या तयार होतात. या नळ्या उताराच्या दिशेने, म्हणजे भिंतीकडून वळचणीकडे, गेल्या पाहिजेत. इथे त्या भिंतीला समांतर घातलेल्या होत्या. कारण सरळ होतं : शीट २.१ मीटर रुंदीची सर्रास मिळते आणि लांबीला मोठी. अंगण ४.३ मीटर लांब, मग लांबच्या लांब आडवी टाकली की कापणं कमी. ३.२ मीटर खोली भरायला एक पूर्ण रुंदीचा पट्टा आणि त्याखाली १.१ मीटरचा दुसरा. दोघांच्या मध्ये ‘एच’ आकाराची प्लास्टिकची पट्टी, उताराला आडवी.

ही पट्टी म्हणजे छोटा बांधच. वरून येणारं पाणी तिच्या ओठाशी अडतं, थोडं साचतं आणि फट शोधतं. त्यात छपराचा उतार मोजला तर ३.२ मीटरमध्ये जेमतेम ११ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २ अंश. दुपदरी शीटसाठी बहुतेक उत्पादक किमान ५ अंश सांगतात, आणि तो किमान आहे, आदर्श नव्हे. एवढ्या कमी ढाळावर दोन आधारांमधली शीट थोडी जरी खाली झुकली तरी तळं होतं. त्या तळ्यात धूळ बसते, धुळीवर शेवाळ, आणि शेवाळ पाणी धरून ठेवतं. जोडाच्या वरच्या अंगाला बोटभर रुंदीचा काळा-हिरवा पट्टा होता. नखाने खरवडला तर खाली ओल, तीही कोरड्या दिवशी.

दुसरा दोष स्क्रूंचा. शीटमधून आरपार, थेट लोखंडी सांगाड्यात, स्क्रूच्या जाडीएवढंच भोक पाडून, घट्ट आवळून. जवळपास प्रत्येक स्क्रूभोवती बारीक तडे किरणांसारखे पसरले होते. याचं कारण आकड्यांत सांगितलं की लगेच पटतं. पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंश सेल्सियसला साधारण ०.०६५ मिलिमीटर वाढतं. लोखंड वाढतं ०.०१२. पहाटेची थंडी आणि दुपारचं तापलेलं छप्पर यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. ४.३ मीटर लांब आडवी शीट तेवढ्यात सुमारे ११ मिलिमीटर वाढते, खालचं लोखंड फक्त २. उरलेले ९ मिलिमीटर शीटने जायचं कुठे? ती भोकाच्या कडेवर रेटते, दुपारी फुगते, रात्री ओढते. रोज. सहा वर्षं. अशा ठिकाणी सिलिकॉन भरणं म्हणजे हलत्या वस्तूला स्थिर समजणं. शिवाय वापरलेलं सिलिकॉन आंबट वासाचं, ॲसिटिक प्रकारचं होतं. सिलिकॉनच्या ट्यूबमध्ये उरलेल्या अवशेषाला अजून तो व्हिनेगरसारखा वास येत होता. पॉलिकार्बोनेटला ते मानवत नाही, तडे वाढवतं. त्याच्यासाठी न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन लागतं.

तिसरी गळती मात्र सगळ्यांना चकवणारी होती. मागच्या दाराच्या डावीकडे, भिंतीपासून दीड मीटरवर एक थेंब नेमाने पडायचा आणि दर वर्षी त्याच्या बरोबर वर सिलिकॉन लागायचं. पाइप त्या जागेवर कितीही धरला तरी काही नाही. पाइप भिंतीवर, छपराच्या वर धरला आणि काही वेळाने थेंब सुरू. पाणी भिंतीवरून ओघळत होतं, भिंत आणि शीट यांच्या फटीत लावलेल्या डांबरी पट्टीच्या मागून आत शिरत होतं आणि मग वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून दीड मीटर प्रवास करून एका वेल्डिंगच्या गाठीपाशी टपकत होतं. गळकी जागा आणि टपकणारी जागा एकच असते असं गृहीत धरल्यामुळे सहा वर्षं चुकीच्या ठिकाणी मलम चोळलं गेलं. लोखंडी पत्रा टाकूनही हा थेंब तिथेच पडला असता.

पिवळेपणाचा खुलासा सगळ्यात सोपा निघाला. वरचा रुंद पट्टा बराच स्वच्छ होता, फक्त खालचा १.१ मीटरचा पट्टा चहूबाजूंनी पिवळा आणि ठिसूळ. एकच माल, एकच ऊन. फरक एवढाच की या शीटच्या एका बाजूवर अतिनील किरण अडवणारा मायक्रॉनमध्ये मोजावा असा पातळ थर असतो, आणि ती बाजू वर हवी. ती कोणती हे शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं. फिल्म आधीच सोलून टाकली की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. खालचा पट्टा उलटा बसला होता. आणि सांगाडा काळ्या रंगाचा. जिथे जिथे शीट तापलेल्या काळ्या वाशाला टेकत होती तिथे तपकिरी रेघा उमटल्या होत्या.

नव्या रचनेचा विचार

जाडजूड लॅमिनेटेड काच हा काकांचा आवडता पर्याय होता. काच ओरखडत नाही, पिवळी पडत नाही, उन्हाने फारशी वाढत नाही. पण ५ अधिक ५ मिलिमीटरची काच चौरस मीटरला २५ किलो, म्हणजे या अंगणावर साडेतीनशे किलो डोक्यावर, त्याला साजेसा सांगाडा, साजेसा पाया, आणि तुकडे बसवायला माणसंही तशीच. परवडत असेल आणि भिंत सोसत असेल त्याने जरूर करावं. इथे १० मिलिमीटरची दुपदरी पॉलिकार्बोनेट ठरली. चौरस मीटरला १.७ किलो, म्हणजे सगळं छप्पर मिळून २५ किलोही नाही.

वजन इतकं कमी म्हणून सांगाडाही हलका चालेल, हा या कामातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. पारदर्शक छपराचा शत्रू वरचा भार नसून खालून उचलणारा वारा आहे. वाऱ्याचा दाब काढायचं ढोबळ सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. ताशी १०८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. दाब ५४० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५५ किलोचा रेटा. १४ चौरस मीटरवर पावणेआठशे किलो! आणि हा नुसता मूळ आकडा. मागे भिंत असली की समोरून आलेला वारा छपराखाली कोंडतो आणि हिशेब वरच चढतो. २५ किलोचं छप्पर, त्याला वर उचलणारा पाऊण टनाहून जास्त जोर. जुन्या छपराचे तीन खांब फरशीवर बेसप्लेट ठेवून चार-चार बोल्टांनी जखडले होते, खाली काँक्रीटचा थर बोटभर. ते इतकी वर्षं टिकलं हे नशीब.

नव्या खांबांना म्हणून प्रत्येकी ४५ सेंटीमीटर चौरस आणि ६० सेंटीमीटर खोल काँक्रीटचा पाया दिला. एका पायाचं वजन सुमारे २९० किलो भरतं. अर्धा उचल-भार भिंत घेते, उरलेला तीन खांबांत वाटला तर वाढीव जोरासाठी गुणक धरूनही पाया जागेवर राहतो. सांगाड्याचा भिंतीकडचा आडवा भाग पहिल्या मजल्याच्या काँक्रीटच्या तुळईत अँकर बोल्टने बसवला, विटांत नाही. आणि तो भिंतीला चिकटवला नाही. मध्ये जाड वॉशर देऊन बोटभर अंतर ठेवलं, म्हणजे मागे गेलेलं पाणी खाली निघून जातं, कुजत बसत नाही.

आता उतार. तुळईवर वरचं टोक २.८५ मीटर उंचीवर आलं. १० अंश मला आवडले असते, पण मग पुढची वळचण सव्वादोन मीटरवर आली असती आणि पुढच्या तुळईला काकांचं डोकं. ८ अंशांवर तडजोड झाली. ३.२ मीटरमध्ये ४५ सेंटीमीटरचा ढाळ, वळचण २.४ मीटरवर, पुढच्या तुळईखाली मोकळी उंची २.३. पाणी थांबत नाही, माणूसही वाकत नाही.

शीट यावेळी उभ्या घातल्या. २.१ मीटरची शीट मधोमध कापली की १.०५ मीटरचे दोन पट्टे होतात आणि तुकडे वाया जात नाहीत, म्हणून वाशांचं अंतर त्याप्रमाणे ठेवलं : चार गाळे, प्रत्येक गाळ्यात भिंतीपासून वळचणीपर्यंत एकसंध शीट. आडवा जोड एकही नाही. उभ्या जोडांवर ॲल्युमिनियमची दोन भागांची पट्टी. खालचा भाग वाशावर, वरची टोपी शीटच्या कडा दाबून धरणारी, दोन्हीकडे ईपीडीएम, म्हणजे उन्हापावसात टिकणारं रबर. स्क्रू टोपीतून जातो तो दोन शीटच्या मधल्या फटीतून, शीटला भोक न पाडता. पीव्हीसीची रबरासारखी दिसणारी गॅस्केट, म्हणजे फटीत दाबायची पट्टी, स्वस्तात मिळते, तीही नाकारली. तिच्यातलं मऊ ठेवणारं रसायन पॉलिकार्बोनेटमध्ये उतरून त्याला तडे पाडतं.

रंगाबद्दल बराच काथ्याकूट झाला. निरभ्र दुपारी ऊन चौरस मीटरला साधारण १००० वॅट घेऊन येतं. स्वच्छ पारदर्शक दुपदरी शीट त्यातलं चार पंचमांशाच्या आसपास आत सोडते, दुधी शीट निम्म्याच्या आसपास. तीन गाळ्यांच्या साडेदहा चौरस मीटरवर हा फरक तीन किलोवॉटच्या घरात जातो, म्हणजे भर उन्हात तीन रूम हीटर चालू ठेवावेत की न ठेवावेत असा. शिवाय दुधी शीट उजेड पसरवते. सांगाड्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अंगावर पडत नाहीत. म्हणून बसायच्या तीन गाळ्यांना दुधी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या एका गाळ्याला स्वच्छ. सगळीकडे सारखंच हवं हा आग्रह काकांनी धरला होता. काकूंनी तो मोडून काढला : “दिसायला सारखं पाहिजे तर तुम्ही ओट्यापाशी उभे राहा.”

बसवताना

शीट बारीक दातांच्या पात्याने कापली, नळ्यांतला भुसा व्हॅक्यूमने ओढून काढला आणि मगच टोकं बंद केली. वरच्या टोकाला ॲल्युमिनियमची अखंड टेप. खालच्या टोकाला सच्छिद्र टेप, जी हवा-पाणी बाहेर सोडते आणि मुंग्या-धूळ आत येऊ देत नाही. दोन्हीकडे अखंड टेप लावणारे बरेच भेटतात. आत दमट हवा कोंडली की नळ्यांत वर्षभर धुकं आणि मग शेवाळ. खालच्या टोकाला टेपवर ‘यू’ पट्टी, तिच्या तळाला थोड्या-थोड्या अंतरावर बारीक छिद्रं.

वाढीसाठी जागा हा सगळ्या कामाचा गाभा. शीट आता उताराच्या दिशेने ३.३ मीटर. चाळीस अंशांना साडेआठ मिलिमीटर वाढ. खालचं टोक थांब्यावर टेकवलं, वरचं टोक फ्लॅशिंगखाली, म्हणजे भिंतीकडचा सांधा झाकणाऱ्या पत्र्याखाली, १२ मिलिमीटर मोकळं ठेवलं. फॅब्रिकेटर अनुभवी होता, हात सफाईदार, पण हे त्याला पटत नव्हतं.

“साहेब, प्रत्येक पर्लिनला दोन-दोन स्क्रू मारू द्या. अशी सुटी ठेवलेली शीट मी आजवर बसवली नाही. मावशींनी उद्या मलाच फोन करायचा.”

पर्लिन म्हणजे शीटखालचे आडवे आधार. त्याला सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. पहिल्या गाळ्याची शीट सकाळी बसवल्यावर सर्वांत वरच्या पर्लिनच्या कडेला लागून शीटच्या खालच्या अंगावर पेन्सिलची रेघ मारली. दुपारी ऊन चढल्यावर त्याने स्वतःच शिडी लावली. रेघ पर्लिनपासून वर सरकली होती, फटीत त्याच्या मापपट्टीचं पातं सहज जात होतं. संध्याकाळी ती परत जवळ आली. त्यानंतर टोपीचे स्क्रू आवळताना तो रबर किंचित दबलं की हात थांबवायचा. आधी ते पार चपटं होईपर्यंत आवळायचा. मधल्या पर्लिनवर वाऱ्यासाठी जिथे दाबून धरणं भाग होतं तिथे रुंद वॉशरचे बटण-स्क्रू दिले, भोक स्क्रूपेक्षा चांगलं मोठं पाडून. वाशांच्या वरच्या अंगाला पांढरा रंग. शीटवर कोणी पाय ठेवला नाही. दोन वाशांवर फळी टाकून तिच्यावरूनच काम. आणि फिल्म कडेने आधी, बाकीची शीट जागेवर बसताच लगेच सोलली. उन्हात राहिलेली फिल्म शीटवर भाजून बसते, मग नखं तुटतात पण ती निघत नाही.

भिंतीकडच्या फ्लॅशिंगला सगळ्यात जास्त वेळ दिला. सोपी जागा तुळईच होती, पण तिच्यात खाच मारायची नाही. सळईवर काँक्रीटचं पांघरूण जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर असतं. तेवढी खोल खाच म्हणजे सळईला पाण्याचं आमंत्रण. म्हणून तुळईच्या वरच्या विटांच्या थरात २५ मिलिमीटर खोल खाच घेतली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची घडी तिच्यात सारली, पाचर मारून वर न्यूट्रल सिलिकॉन. तिथून पत्रा भिंतीलगत खाली येतो आणि शीटवर दीड वीत पुढे जातो. तो दोन तुकड्यांचा आहे : वरचा भिंतीला, खालचा सांगाड्याला, वरचा खालच्यावर झाकण घालतो पण दोघं एकमेकांना जखडलेले नाहीत. सांगाडा वाऱ्यात हलला तरी भिंतीतली खाच उखडत नाही. या सांध्यात सिलिकॉन निघून गेलं तरी पाणी आत यायला वर चढावं लागेल. पाऊस जसा कौलावरून कौलावर उतरतो, तसंच पाण्याला नेहमी वरच्या थरावरून खालच्या थराच्या पाठीवर उतरवायचं; सिलिकॉन ही दुसरी फळी, पहिली नव्हे.

पन्हळीचा हिशेब छोटा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर १४ चौरस मीटरवरून तासाला १४०० लिटर, मिनिटाला २३. वर भिंतीवर आदळून येणारं वेगळं. ७५ मिलिमीटरचा एक उभा पाइप याला पुरतो, पन्हळीला पाइपाकडे ढाळ असेल आणि तोंडाशी पानं अडकली नाहीत तर.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतो. लंडनच्या हाइड पार्कात १८५१ साली जोसेफ पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेस हे काचेचं प्रचंड प्रदर्शनगृह उभारलं तेव्हा त्याच्या लाकडी पन्हळीला मध्ये पावसासाठी खोल खाच होतीच, पण दोन्ही अंगांना आणखी बारीक खाचा होत्या, काचेच्या आतल्या बाजूने ओघळणारं दव झेलायला. पारदर्शक छताला पाणी दोन्ही बाजूंनी येतं, हे त्या माळी-बांधकामकर्त्याला पक्कं माहीत होतं.

ही गोष्ट आठवली, कारण पहिल्याच पावसाळ्यात काकूंचा फोन आला तो याच पाण्यासाठी. “वरून गळत नाहीये, पण खिडकीसमोरच्या शीटच्या पोटात थेंब दिसतात.” दुधी गाळ्यांतही ते असणार, तिथे दिसत नाहीत एवढंच. पॉलिकार्बोनेट वाफेला पूर्ण अडवत नाही. गार पहाटे नळ्यांत दव धरतं आणि ऊन आलं की सच्छिद्र टेपमधून निघून जातं. दुपारपर्यंत शीट कोरडी दिसली तर काळजी नाही. दिवसभर तसंच राहिलं तर खालच्या ‘यू’ पट्टीची छिद्रं चिखलाने बुजली आहेत का बघायचं. त्यांची शीट दुपारी कोरडी होत होती.

छपरातून थेंब आला नाही, पण अंगण कोरडं राहिलं असंही नाही. आणि हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. झड ४५ अंशांत आली तर २.४ मीटर उंच मोकळ्या बाजूतून ती तितकीच, २.४ मीटर आत येते. ३.२ मीटर खोल अंगणात मग भिंतीलगतची ऐंशी सेंटीमीटरची पट्टी तेवढी सुकी. फरशीला बाहेरच्या बाजूला मीटरमागे सेंटीमीटरचा ढाळ होता, त्यामुळे पाणी थांबलं नाही. आवाजाचं मात्र काका बोलले : मोठ्या सरीत छपराखाली फोनवर बोलणं अवघड. दुपदरी शीट पातळ पत्र्यापेक्षा सौम्य असली तरी ती ढोलच आहे, जाड काचेची शांतता तिच्याकडून मिळत नाही. याला आता इलाज नाही.

उष्णतेचं निम्मं काम झालं. उतार घराकडे वर चढतो, त्यामुळे गरम हवा नेमकी दाराच्या डोक्यावर जमते. दोन्ही बाजूंचे वरचे त्रिकोण म्हणून बंद न करता तिरप्या पट्ट्यांनी झाकलेत. पाऊस अडतो, हवा निघते. तरी भिंत पश्चिमेला तोंड करून आहे आणि ऊन कललं की ते छपरावरून नाही, सरळ समोरून वळचणीखालून येतं. पुढच्या तुळईला गुंडाळता येणारा पडदा लावावा असं घरच्यांच्या मनात आहे. तो झडीलाही उपयोगी पडेल. मी त्यांना थांबवलंय ते एका कारणासाठी. पडदा खाली सोडलेला असताना वारा आला तर तोच दाब आता खांबांना आडवा ढकलणार, आणि मधल्या खांबाचा पाया आडव्या जोरासाठी पुन्हा तपासायचा आहे. ती तपासणी होईपर्यंत पडदा लावलाच तर जाळीदार कापडाचा आणि वारा सुटला की वर, एवढंच ठरलंय.